पडद्याचा मालक एकच : मोबाइल ॲपमधल्या बॅकग्राउंड थ्रेडच्या चुका कशा शोधाव्यात



परदेशातल्या मराठी घरांत आता दोन-दोन पिढ्या संगणकापुढे बसलेल्या दिसतात. आई-बाबा नोकरीनिमित्त, आणि मुले हौसेने किंवा शाळेच्या प्रकल्पासाठी. हायस्कूलमधली मुले मोबाइलची ॲप लिहितात, इथे अमेरिकेत काँग्रेशनल ॲप चॅलेंजसारख्या स्पर्धेत पाठवतात, आणि सुट्टीत भारतात गेली की आजी-आजोबांच्या फोनवर घालूनही देतात. या मुलांची एक तक्रार मात्र वारंवार आमच्या कानावर येते: "तसं नीट चालतं, पण कधीकधी बंद पडतं."

यातला 'कधीकधी' हा शब्द महत्त्वाचा. जी चूक दर वेळी होते ती लवकर सापडते. जी कधीकधी होते तिच्यामागे पुष्कळदा असे असते की ॲपमध्ये दोन कामे एकाच वेळी चालू आहेत आणि त्यातले कोणते आधी संपेल याचा नेम नाही. अशा चुका कशा ओळखाव्यात, कुठे शोधाव्यात आणि कोणते उपाय मुळीच करू नयेत, हे या लेखात सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे. ज्यांनी कोडची एक ओळही कधी लिहिली नाही त्यांनी पहिले तीन भाग जरूर वाचावेत. पुढचे भाग मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावेत, तेवढीच मराठीची उजळणी!

एक उदाहरण धरून चालू

समजा, घरातल्या मुलीने आजीसाठी गोळ्यांचे ॲप केले आहे. आजी नाशिकला, मुलगी न्यू जर्सीत. पडद्यावर गोळीचे नाव आणि खाली एक मोठे बटण: 'घेतली'. आजीने बटण दाबले की तीन कामे व्हायला हवीत. नोंद फोनमध्ये साठवायची, तीच नोंद सर्व्हरला पाठवायची म्हणजे इकडे मुलांना कळेल, आणि आजीला हिरवी खूण दाखवायची.

आता ॲप मध्येच बंद पडले तर आजी वैतागेल, फोन करेल, आणि ते दुरुस्त होईल. पण हिरवी खूण दिसली आणि नोंद साठवलीच गेली नाही, तर? दुपारी ॲप पुन्हा उघडले तेव्हा खूण गायब. आजी म्हणणार, "अगंबाई, सकाळची राहिलीच वाटतं," आणि रक्तदाबाची दुसरी गोळी घेणार. म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की बंद पडणारे ॲप परवडले. ते निदान चूक झाली हे सांगते. गप्प राहून खोटी खूण दाखवणारे ॲप त्याहून वाईट. थ्रेडच्या चुका या दोन्ही तऱ्हेने दिसतात, आणि शोधताना दोन्हींकडे लक्ष हवे.

थ्रेड म्हणजे काय?

थ्रेड म्हणजे धागा. प्रोग्राममधल्या सूचना एकामागून एक पाळत जाणारा एक कामकरी, असे समजा. एका ॲपमध्ये असे अनेक कामकरी एकाच वेळी राबत असतात आणि ॲपची स्मृती, म्हणजे त्यातली सगळी माहिती, ते सामाईक वापरतात.

यातला एक कामकरी विशेष असतो. त्याला मेन थ्रेड म्हणतात. मंडळाच्या गणेशोत्सवात दाराशी नोंदणीचे टेबल असते आणि तिथे एक कार्यकर्ता बसलेला असतो, तसा हा. येणाऱ्याशी तोच बोलतो आणि समोरच्या फळ्यावर तोच लिहितो. फोनमध्ये बोटाचा प्रत्येक स्पर्श मेन थ्रेडकडे येतो आणि पडद्यावर काय दिसावे हेही तोच ठरवतो. आता हा कार्यकर्ता स्वतःच बर्फ आणायला दुकानात गेला तर रांग जागच्या जागी थांबेल. म्हणून वेळखाऊ कामे दुसऱ्याला सांगायची. इंटरनेटवरून काही आणणे, फोटो लहान करणे, माहिती साठवणे ही ती कामे, आणि ती करणारे ते बॅकग्राउंड थ्रेड.

टेबलावरच्या माणसाला वेळ किती असतो? पडदा सेकंदाला ६० वेळा रंगवला जातो असे धरले तर एका चित्राला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. १२० वेळा रंगवणाऱ्या नव्या फोनवर जेमतेम ८. तेवढ्यात काम झाले नाही तर सरकवताना पडदा अडखळतो. अँड्रॉइडवर स्पर्शाला ५ सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही तर 'ॲप प्रतिसाद देत नाही' ही पाटी येते. आयफोनवर ॲप उघडताना फार वेळ अडकून राहिले तर पहारेकरी यंत्रणा ते बंद करते. त्या वेळी अहवालात जो सांकेतिक आकडा उमटतो तो इंग्रजी अक्षरांत 'एट बॅड फूड' असा वाचता येतो. शिळे खाऊन पोट बिघडले, असा ॲपलच्या अभियंत्यांचा विनोद!

पडद्याचा मालक एकच का?

मुले विचारतात: "पण मग बर्फ घेऊन आलेल्यानेच फळ्यावर 'बर्फ आला' असे का लिहू नये?" प्रश्न रास्त आहे. असा प्रयत्न पूर्वी झालेलाही आहे. जावाच्या सुरुवातीच्या पडद्याच्या साधनांत कोणत्याही थ्रेडने पडद्याला हात लावावा अशी योजना होती. ती नीट जमली नाही, आणि त्यानंतरच्या स्विंगमध्ये पडद्याचे काम एकाच थ्रेडकडे देण्यात आले. सन कंपनीच्या ग्रॅहॅम हॅमिल्टन यांनी २००४ मध्ये याची कारणमीमांसा लिहिली होती. तिचा मथितार्थ असा: बोटाचा स्पर्श यंत्राकडून वर ॲपकडे येतो, आणि ॲपचे हुकूम वरून खाली यंत्राकडे जातात. दोघेही वाटेत कुलपे लावत जातात, पण उलट क्रमाने. अरुंद बोळात दोन गाड्या समोरासमोर आल्यासारखे होते. मागे कोणीच सरकत नाही आणि सगळे ठप्प.

म्हणून अँड्रॉइड आणि आयफोन दोघांनीही एकच नियम ठेवला आहे. पडद्याला हात लावायचा तो मेन थ्रेडनेच. बाकीच्यांनी काम करावे, आणि निकाल चिठ्ठीवर लिहून टेबलावर द्यावा. खाली दिलेल्या चुका या व्यवस्थेत कुठे ना कुठे खंड पडल्यामुळे होतात.

चुकांच्या चार जाती

पहिली: भलत्याच थ्रेडने पडद्याला हात लावला. अँड्रॉइडवर याचे नाव 'कॉल्ड फ्रॉम राँग थ्रेड एक्सेप्शन'. त्यातला संदेश अगदी स्पष्ट आहे: ज्या थ्रेडने हा पडदा तयार केला त्यानेच त्याला हात लावावा. बॅकग्राउंड थ्रेडवरून टोस्ट, म्हणजे तळाशी उमटणारी छोटी सूचना, दाखवायला गेलो तर 'लूपर डॉट प्रिपेअर' बोलावले नाही अशी कुरकुर येते. शब्द वेगळे, पण रोग तोच. लाइव्ह-डेटामध्ये 'सेट-व्हॅल्यू' बॅकग्राउंडवरून केले तरी तेच. तिथे 'पोस्ट-व्हॅल्यू' चालते, पण एक सावधगिरी हवी. मेन थ्रेडला सवड मिळण्याआधी चार वेळा पोस्ट केले तर फक्त शेवटचे मूल्य पोचते, मधली गळतात.

यात एक मेख आहे. अँड्रॉइड ही तपासणी प्रत्येक वेळी करत नाही. पडद्याची मांडणी नव्याने करावी लागते तेव्हा करते. ॲप नुकते उघडत असताना पडदा खिडकीला जोडलेला नसतो. तेवढ्या वेळात दुसऱ्या थ्रेडने अक्षरे बदलली तरी कोणी हरकत घेत नाही. म्हणजे काम क्षणार्धात संपले तर चूक खपून जाते, आणि जरा वेळ लागला तर ॲप आपटते. "माझ्या फोनवर चालतं, आजीच्या फोनवर नाही" याचे हे एक खरेखुरे कारण.

आयफोनवर हीच चूक अधिक फसवी. तिथे ॲप दर वेळी बंद पडेलच असे नाही. खूण काही सेकंद उशिरा उमटते, किंवा पडद्याला बोट लावल्यावर उमटते, किंवा मांडणी विस्कटते. मग मुले सर्व्हरला दोष देत बसतात. निकाल आलेला असतो, पण तो टेबलावर पोचलेला नसतो.

दुसरी: मेन थ्रेडलाच बर्फ आणायला पाठवले. म्हणजे इंटरनेटचे किंवा साठवणीचे काम मेन थ्रेडवर केले. अँड्रॉइडने ३.० आवृत्तीपासून, २०११ मध्ये, यावर कडक धोरण घेतले. त्या किंवा पुढच्या आवृत्तीसाठी लिहिलेल्या ॲपने मेन थ्रेडवर इंटरनेट वापरले की 'नेटवर्क ऑन मेन थ्रेड एक्सेप्शन' देऊन ते थांबवले जाते. रूम हे माहिती साठवण्याचे साधनही मेन थ्रेडवरून वापरू देत नाही. आयफोनवर आणखी एक सापळा आहे. मेन थ्रेडवर असतानाच मेन थ्रेडला 'हे काम कर, मी थांबतो' असे सांगायचे, म्हणजे मेन क्यूवर 'सिंक' वापरायचे. स्वतःच स्वतःची वाट पाहायची. ते काम कधीच सुरू होत नाही.

तिसरी: उत्तर आले, पण विचारणारा निघून गेला. आजीने बटण दाबले आणि सर्व्हरकडून उत्तर येण्याआधी फोन आडवा केला. अँड्रॉइड साधारणपणे अशा वेळी जुना पडदा मोडून नवा बांधतो. उत्तर येते ते जुन्या पडद्याच्या नावाने. तो आता नाही. मग 'फ्रॅगमेंट नॉट अटॅच्ड' किंवा 'आफ्टर ऑन-सेव्ह-इन्स्टन्स-स्टेट' असे शब्द असलेल्या एरर येतात. आलेच नाहीत तर जुना पडदा उगीच स्मृतीत अडकून राहतो. पूर्वी सर्रास वापरले जाणारे असिंक-टास्क हे साधन अशाच त्रासांमुळे २०२० मध्ये अँड्रॉइड ११ सोबत कालबाह्य ठरवले गेले. जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत ते अजून दिसते. मुलांनी त्यावरून नवे ॲप लिहू नये.

चौथी: एका वहीत दोघांनी लिहिले, किंवा निरोप वाटेत हरवला. ही जात सर्वांत घातक, कारण इथे बहुधा काही आपटत नाही.

समजा, घरात ३० गोळ्या शिल्लक आहेत. आजीने 'घेतली' दाबले, म्हणजे एक वजा. त्याच क्षणी सर्व्हरवरून निरोप आला की मुलाने १० गोळ्या मागवून दिल्या, म्हणजे दहा अधिक. खरा आकडा ३९. पण 'एक वजा कर' हे आपल्याला एक काम वाटले तरी यंत्राच्या दृष्टीने ती तीन कामे असतात. आकडा वाचणे, वजा करणे, परत लिहिणे. दोन्ही थ्रेडनी ३० वाचले. एकाने २९ लिहिले, दुसऱ्याने ४०. जो शेवटी लिहील त्याचा आकडा राहील, आणि तो दोन्ही परीने चुकीचा. याला रेस कंडिशन म्हणतात. यादीच्या बाबतीत हेच झाले तर अँड्रॉइडवर 'कन्करंट मॉडिफिकेशन' किंवा 'इनकन्सिस्टन्सी डिटेक्टेड' अशी एरर येते. ती आली तर नशीबच म्हणायचे, निदान कळते तरी.

दुसरा प्रकार हरवलेल्या निरोपाचा. साध्या थ्रेडमध्ये न पकडलेली चूक झाली तर अँड्रॉइड अख्खे ॲप बंद करतो. पण तेच काम एक्झिक्युटरला 'सबमिट' करून दिले, तर चूक एका पाकिटात बंद होते. ते पाकीट कोणी उघडले नाही तर कोणालाच कळत नाही. स्विफ्टमधल्या 'टास्क'चेही तसेच. आतले काम फसले आणि निकाल कोणी पाहिलाच नाही, तर चूक गुपचूप विरून जाते. आजीची खोटी हिरवी खूण नेमकी इथे जन्माला येते. बटण दाबताच खूण दाखवली, साठवण्याचे काम मागे सोपवले, ते फसले, आणि सांगणारा कोणी नाही.

शोध कसा घ्यावा?

आता पायऱ्या. या क्रमानेच जावे असे आम्ही सुचवतो.

१. एरर पूर्ण वाचा. लाल अक्षरे दिसली की मुले घाबरून खिडकी बंद करतात. अँड्रॉइडच्या लॉगमध्ये 'फेटल एक्सेप्शन' या शब्दांपुढे थ्रेडचे नाव लिहिलेले असते. तिथे 'मेन' आहे की दुसरे काही, एवढ्यावरून निम्मे काम होते. खाली 'कॉज्ड बाय' असे अनेकदा आले असेल तर सर्वांत शेवटचे पाहा, मूळ कारण तिथे असते. मग खाली येत आपल्या स्वतःच्या फाइलचे नाव असलेली पहिली ओळ गाठा. आयफोनच्या अहवालात कोणता थ्रेड कोसळला त्याचा क्रमांक असतो. शून्य क्रमांक म्हणजे साधारणपणे मेन थ्रेड.

२. काम कुठे सोपवले ते शोधा. चूक जिथे फुटते तिथे ती झालेली नसते. फुटते ती अक्षरे बदलण्याच्या ओळीवर, पण खरी चूक त्याआधी, काम दुसऱ्या थ्रेडला दिले आणि निकाल परत टेबलावर आणला नाही, तिथे असते. त्यामुळे उत्तर आल्यावर चालणारा कोडचा तुकडा पाहा आणि विचारा, हा कोणत्या थ्रेडवर चालतो? हे साधनागणिक बदलते. रेट्रोफिट हे अँड्रॉइडवरचे साधन उत्तर आपणहून मेन थ्रेडवर आणून देते. त्याच्याच पोटात असलेले ओके-एचटीटीपी थेट वापरले तर उत्तर बॅकग्राउंडवर येते. आयफोनवर शेअर्ड यूआरएल-सेशनचे उत्तरही बॅकग्राउंडवरच येते. एक साधन बदलून दुसरे घेतले आणि ॲप आपटू लागले, तर आधी हे तपासा.

३. अंदाज नको, छापून पाहा. संशयित ओळीच्या आधी चालू थ्रेडचे नाव लॉगमध्ये छापणारी एक ओळ घाला. स्विफ्टमध्ये 'थ्रेड डॉट इज-मेन-थ्रेड' विचारता येते. दोन मिनिटांचे काम, पण तासाभराचा वाद मिटतो.

४. पहारेकरी नेमा. एक्सकोडमध्ये ९व्या आवृत्तीपासून, २०१७ पासून, मेन थ्रेड चेकर आहे. पडद्याला भलत्या थ्रेडने हात लावला की तो जांभळी खूण दाखवतो. तो तिथेच थांबावा अशी सोयही आहे, ती चालू करावी, नाहीतर जांभळ्या खुणेकडे दुर्लक्ष होते. रेस कंडिशनसाठी थ्रेड सॅनिटायझर आहे. आयफोनच्या ॲपसाठी तो सिम्युलेटरवर चालवावा लागतो. अँड्रॉइडवर स्ट्रिक्ट-मोड आहे. मेन थ्रेडवर डिस्क किंवा इंटरनेट वापरले तर तो बोंब मारतो.

५. 'कधीकधी'ला 'नेहमी' करा. सर्व्हरचे उत्तर येण्याच्या जागी मुद्दाम ५ सेकंदांचा विलंब घाला. मग त्या ५ सेकंदांत फोन आडवा करा, मागे जा, ॲप बाजूला सारा, विमान-मोड लावा, बटण दोनदा दाबा. अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत सोडलेला पडदा लगेच मोडण्याची सोय आहे, ती चालू करा. जे आजीकडे महिन्यातून एकदा होते ते तुमच्याकडे दर वेळी होऊ लागेल, आणि मग पकडता येईल. चूक सापडल्यावर तो विलंब काढायला विसरू नका!

हे उपाय करू नयेत

इंटरनेटवर शोधले की एका ओळीचे उपाय भराभर मिळतात. त्यातले काही रोगापेक्षा भयंकर आहेत.

स्ट्रिक्ट-मोडला 'सगळे चालू दे' सांगणे, किंवा रूमला मेन थ्रेडवर परवानगी देणे, म्हणजे धुराचा भोंगा वाजतो म्हणून त्यातला सेल काढून ठेवणे.

सगळा कोड ट्राय-कॅचमध्ये गुंडाळून कॅचमध्ये काहीच न लिहिणे. ॲप आपटायचे थांबते, आणि खोटी हिरवी खूण सुरू होते.

मध्ये अर्धा सेकंद झोप घालणे. तुमच्या फोनवर अर्धा सेकंद पुरतो. नाशिकला नेट मंद असेल तर नाही पुरणार.

सगळेच उचलून 'रन ऑन यूआय थ्रेड'मध्ये टाकणे. पहिली चूक जाते आणि दुसरी येते, कारण बर्फ आणायला पुन्हा टेबलावरचाच माणूस गेला. मेन थ्रेडवर फक्त फळ्यावर लिहिण्याची शेवटची ओळ परत आणायची, बाकी काम मागेच राहू द्यायचे.

मग बरोबर रीत कोणती?

अँड्रॉइडवर आज कोटलिनच्या कोरुटीन वापराव्यात. काम पडद्याच्या किंवा व्ह्यू-मॉडेलच्या आयुष्याला बांधून सुरू करायचे, म्हणजे पडदा गेला की काम रद्द होते आणि तिसऱ्या जातीची चूक टळते. साठवण्याचे काम 'डिस्पॅचर्स डॉट आयओ'वर न्यायचे आणि निकाल मेनवर घ्यायचा. एक गैरसमज मात्र काढून टाकावा. नुसता 'सस्पेंड' शब्द लिहिल्याने काम दुसऱ्या थ्रेडवर जात नाही. तो शब्द 'इथे थांबावे लागू शकते' एवढेच सांगतो.

गोळीची नोंद आजी पडदा सोडून गेली म्हणून रद्द होऊन चालणार नाही. असे काम पडद्याला न बांधता ॲपच्या पातळीवर ठेवावे, किंवा वर्क-मॅनेजरकडे द्यावे. कोणते काम रद्द झाले तरी चालेल आणि कोणते नाही, हे ठरवणे यंत्राचे नव्हे, आपले काम आहे.

आयफोनवर २०२१ मध्ये स्विफ्ट ५.५ सोबत असिंक-अवेट, ॲक्टर आणि मेन-ॲक्टर आले. पडद्याशी संबंधित भागाला मेन-ॲक्टरची खूण लावली की तो मेन थ्रेडवरच चालेल याची काळजी कंपायलर बरीचशी घेतो. २०२४ च्या स्विफ्ट ६ ची भाषापद्धत निवडली तर रेस होऊ शकणारा पुष्कळ कोड मुळात बांधलाच जात नाही. एररची लांबलचक यादी बघून मुले निराश होतात. त्यांना सांगा, की या चुका आजीच्या फोनवर न होता तुमच्या टेबलावर होत आहेत, हा फायदाच आहे.

फ्लटर वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. तिथे असिंक-अवेट लिहिले म्हणून जड हिशेब दुसऱ्या थ्रेडवर जात नाही. त्यासाठी वेगळा आयसोलेट लागतो.

सामाईक आकड्याबाबत नियम सोपा: वहीचा मालकही एकच ठेवा. गोळ्यांचा आकडा वाचून, बदलून परत लिहिण्याऐवजी डेटाबेसलाच 'एक वजा कर' असे एका वाक्यात सांगा. ते त्याला अखंडपणे करता येते. आणि हिरव्या खुणेचा नियम त्याहून सोपा: साठवणीकडून 'झाले' असा निरोप आल्यावरच ती दाखवा. तोवर 'नोंद होत आहे' असे लिहा आणि बटण बंद ठेवा. फसले तर स्पष्ट मराठीत सांगा: 'नोंद झाली नाही, पुन्हा दाबा. गोळी पुन्हा घेऊ नका.'

बॅकग्राउंड थ्रेड म्हणजे गजराचे घड्याळ नव्हे

शेवटचा मुद्दा थोडक्यात. 'रात्री ८ वाजेपर्यंत झोप आणि मग आठवण कर' असे बॅकग्राउंड थ्रेडला सांगून मुले निर्धास्त होतात. थ्रेड ॲपसोबत जगतो आणि ॲपसोबत मरतो. बॅटरी वाचवण्यासाठी अँड्रॉइडने २०१५ मध्ये ६व्या आणि २०१७ मध्ये ८व्या आवृत्तीत पार्श्वभूमीवरच्या कामांवर बंधने आणली. आयफोन तर बाजूला सारलेले ॲप थोड्याच वेळात गोठवतो. तेव्हा आठवण देण्याचे काम फोनच्याच यंत्रणेवर सोपवावे. अँड्रॉइडवर अलार्म-मॅनेजर, आयफोनवर स्थानिक सूचना. अँड्रॉइडवर नेमक्या मिनिटाच्या गजराला वेगळी परवानगी लागू शकते, ती मागायला विसरू नये. वर्क-मॅनेजरचे ठराविक काळाने होणारे काम १५ मिनिटांपेक्षा जवळजवळ लावता येत नाही, त्यामुळे गोळीच्या वेळेसाठी ते साधन नव्हे. आयफोनवर एका वेळी ६४ सूचनाच रांगेत राहतात. दिवसाला चार गोळ्या असतील तर १६ दिवसांत रांग संपते, आणि त्याआधी ॲपने ती पुन्हा भरायला हवी.

मंडळी, घरात कोणी असे ॲप करत असेल तर ते आजीच्या हातात देण्याआधी एक संध्याकाळ त्याच्यासोबत बसा. कोड कळला नाही तरी चालेल. फोन हातात घ्या, बटण दाबा, लगेच फोन आडवा करा, नेट बंद करा, ॲप मारून पुन्हा उघडा. आणि एकच प्रश्न विचारा: "ही हिरवी खूण दिसली म्हणजे नोंद झाली, हे तुला कशावरून माहीत?" मुलाला किंवा मुलीला कोडवर बोट ठेवून उत्तर देता आले, तर ॲप नाशिकला पाठवायला हरकत नाही.

कळावे, लोभ असावा.
– आपले संपादक मंडळ